दशांशाचं वेड

गेले काही महिने घरी येणाऱ्या कुणाचीही माझ्या तावडीतून सुटका नाही. चहा उकळेपर्यंत पावसापाण्याच्या गप्पा होतात आणि कप हातात आला की मी विचारतो, "तुम्ही नेमबाजीची फायनल कधी पूर्ण बघितलीय का हो?" उत्तर बहुधा 'नाही' असंच येतं. मग मी टीव्ही लावतो. बायको आतून म्हणते, "झालं याचं सुरू!" झालंय खरं. क्रिकेटवर वाढलेला, कबड्डीला घसा बसेपर्यंत ओरडणारा, टेनिसच्या फायनलसाठी रात्री जागवणारा मी, पन्नाशीत एका अशा खेळाच्या प्रेमात पडलोय ज्यात कुणी धावत नाही, उडी मारत नाही, एकमेकांच्या अंगाला हात लावत नाही. आठ माणसं एका ओळीत. बास. आणि तरी छातीवर हात ठेवून सांगतो, याच्याइतका जीव टांगणीला लावणारा खेळ मी बघितलेला नाही!

हे ज्या सामन्यानं केलं त्याचा निकाल तुम्हालाही पाठ आहे. १ ऑगस्ट २०२४, गुरुवार, पॅरिस ऑलिंपिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, तिथला स्वप्नील कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेतला तिकीट तपासनीस. पुरुषांची ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, कांस्यपदक. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूच्या गळ्यात वैयक्तिक ऑलिंपिक पदक पडायला ७२ वर्षं लागली. हे आपण सगळ्यांनी वाचलं, ऊर भरून आला, अभिनंदनाचे मेसेज इकडून तिकडे ढकलले. पण ती फायनल बघितली किती जणांनी? पहिल्या गोळीपासून? मी बघितली, आणि तीही ठरवून नाही. दुपारी एकच्या सुमाराला जेवायला बसलो होतो आणि समोर लागलेली होती, एवढंच. ताटातली भाजी गार झाली, भात तसाच राहिला.

आधी खेळ सांगतो. मला तो त्याच दुपारी कळत गेला आणि कळेल तसतसं वेड चढत गेलं. थ्री पोझिशन म्हणजे एकच रायफल आणि तीन आसनं. आधी एक गुडघा टेकून बसायचं, मग पोटावर पालथं पडायचं, शेवटी उभं राहायचं. लक्ष्य ५० मीटरवर. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या बटणाएवढं. आता ५० मीटर म्हणजे किती ते डोळ्यांसमोर आणा. ऑलिंपिकचा पोहण्याचा तलाव तेवढा लांब असतो. त्याच्या त्या काठावर बटण आणि या काठावर तुम्ही!

पात्रता फेरीत प्रत्येक आसनात २० अशा ६० गोळ्या, गुण पूर्णांकात, जास्तीत जास्त ६००. स्वप्नीलनं बसून १९८, पडून १९७ आणि उभं राहून १९५ असे ५९० मारले आणि सातवा आला. कळलं का काय झालं ते? ६० गोळ्यांत मिळून १० गुण गेले आणि माणूस सातवा! आपलाच ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर ५८९ वर थांबला, म्हणजे एक गुण मागे, आणि थेट अकरावा. फायनल आठ जणांची. गुण सारखे झाले तर दहाच्या वर्तुळातही अगदी आतल्या दहांची मोजदाद होते, ते स्वप्नीलचे ३८ भरले. मला हे आकडे बघून घाम फुटला. शाळेत ६०० पैकी ५९० मिळवणाऱ्या मुलाच्या घरी पेढे वाटतात. इथे तो पोरगा दारातून जेमतेम आत शिरतो.

आणि आत शिरल्यावर काय, तर पाटी कोरी. पात्रतेतले गुण पुसले जातात, आठही जण शून्यावर. इथून पुढे दशांश सुरू होतात आणि इथेच माझा निकाल लागला. फायनलमध्ये दहा म्हणजे नुसता दहा नसतो. १०.० पासून १०.९ पर्यंत त्याचे दहा प्रकार असतात. गोळी मध्यबिंदूपासून ०.८ मिलिमीटरनं सरकली की एक दशांश उडाला. ०.८ मिलिमीटर, ५० मीटरवरून! ते इलेक्ट्रॉनिक लक्ष्य मोजतं आणि क्षणात पडद्यावर आकडा येतो. १०.६. १०.१. ९.८. शेजारच्याचा १०.७. वरची नावं खाली, खालची वर. पाचेक मिनिटांत मी दशांशांची मनात बेरीज करायला लागलो होतो. मी! दुकानदारानं दिलेली मोडसुद्धा न मोजणारा माणूस!

सुरुवात गुडघ्यावर, पाच-पाचच्या तीन फेऱ्यांत १५ गोळ्या. स्वप्नील १५३.३, सहावा. मग पालथं पडून १५. तिन्हींत स्थिर आसन हेच. जमीन सगळा भार घेते, त्यामुळे इथे सगळेच भरभरून मारतात आणि कुणीच फारसं पुढे सटकत नाही. स्वप्नीलचे १५६.८, एकूण ३१०.१, पाचवा. पाचवा म्हणजे आपल्या भाषेत 'चांगलं खेळला पोरगा' आणि विषय संपला. मला वाटलं, संपलाच.

पण मग सगळे उभे राहिले. उभं राहणं हे या प्रकारातलं खरं दुखणं. बसताना आणि पडताना रायफलीचा पट्टा दंडाला आवळलेला असतो, तो इथे सुटतो. नियमाप्रमाणे ८ किलोपर्यंतची रायफल आणि तिला आधार फक्त हाडांचा. कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, पाठ मागे वाकवायची आणि दोन पायांवर तोल धरायचा. आधीची दोन आसनं साधलेल्यांची इथे भंबेरी उडते. पाच-पाचच्या दोन फेऱ्या झाल्या, ४० गोळ्या पुऱ्या झाल्या आणि शेवटचे दोघं बाहेर. त्यानंतर एकेक गोळी, प्रत्येकीला ५० सेकंद, आणि प्रत्येक गोळीनंतर एकजण घरी. बघा हं, ४१ वी गोळी, एक गेला. ४२ वी, एक गेला. ४३ वी, चेक प्रजासत्ताकाचा यिरी प्रिव्रात्स्की ४४०.७ वर थांबला. चौथा! म्हणजे उरलेले तिघं पदकात, आणि त्या तिघांत आपला स्वप्नील! उभ्यानं खेळताना बाकीचे ढासळत होते आणि हा पायरी पायरीनं वर चढून आला होता. ४४ व्या गोळीनंतर ४५१.४ वर तो थांबला. पुढे चीनच्या लिऊ युकुननं ४६३.६ वर सुवर्ण घेतलं, युक्रेनच्या सेर्ही कुलिशनं ४६१.३ वर रौप्य. हा कुलिश २०१६ च्या रिओमध्येही दहा मीटर एअर रायफलचं रौप्य घेऊन गेलेला. मी घरात एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

आता खरी गंमत. सामना संपल्यावर स्वप्नील पत्रकारांशी बोलला, त्यात त्यानं सांगितलं की आपण गुणफलकाकडे बघतच नव्हतो. श्वासावर लक्ष होतं आणि गोळी मारत होतो. सकाळी काही खाल्लंही नव्हतं, काळा चहा तेवढा घेतला होता. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, म्हणजे पाचवा, चौथा, तिसरा ही सगळी चढाओढ मी अनुभवत होतो! त्याला ती ठाऊकच नव्हती, किंवा ठाऊक करून घ्यायची नव्हती. तो ४४ वेळा एकच गोळी मारत होता. सामना बघत होतो ते आपण.

यासारखं दुसऱ्या खेळात काय आहे सांगा. क्रिकेटमध्ये १२ चेंडूंत २० हव्यात हे फलंदाजाला माहीत असावंच लागतं, त्यावर तो फटका ठरवतो. कुस्तीत समोरच्याच्या अंगाला हात लागला की त्याचा जोर कळतो. इथे समोर कुणी नाही. शेजारी उभा असलेला जगज्जेता असो नाहीतर नवखा, तुमच्या गोळीत त्यानं काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो तुम्हाला त्याची आठवण झाली तर! शरीराला आकडा कळला की छाती धडधडते, छाती धडधडली की नळी हलते, नळी हलली की ०.८ मिलिमीटर, आणि मग दुसरं ०.८, आणि मग तिसरं. म्हणून नेमबाज सगळं विसरायला शिकतो आणि त्यानं विसरलेलं सगळं आपल्याला लक्षात ठेवावं लागतं. थरार संपूर्ण प्रेक्षकाच्या वाट्याला. इतका दानशूर खेळ मी बघितलेला नाही!

त्या दुपारनंतर मी जुने सामने उकरायला लागलो आणि मला मॅथ्यू एमन्स सापडला. तुम्हाला तो आधीच माहीत असेल तर मला तुमचा हेवा वाटत नाही, कारण पहिल्यांदा बघण्याची मजा तुमची संपली. २००४, अथेन्स. अमेरिकेचा एमन्स. काही महिने आधी त्याच्या रायफलीची कुणीतरी खोडसाळपणे मोडतोड केलेली, म्हणून उसन्या रायफलीनं ५० मीटर प्रोनचं, म्हणजे नुसत्या पालथ्या आसनातलं, सुवर्ण मारलेला बहाद्दर. मग हाच आपला थ्री पोझिशन प्रकार. शेवटची गोळी बाकी आणि हा तीन गुणांनी पुढे. साधा आठ मारला तरी सुवर्ण. त्यानं नेम धरला, गोळी झाडली, उत्तम गेली. पडद्यावर आकडाच येईना! तो पंचांना सांगतोय, मी मारली, मी मारली. मारली होतीच, पण शेजारच्याच्या लक्ष्यावर! गुण शून्य. पहिल्यावरून आठवा. सुवर्ण चीनच्या जिया झानबोला.

थांबा, संपलं नाही. २००८, बीजिंग. तोच प्रकार, तीच फायनल, पुन्हा एमन्स पुढे, पुन्हा शेवटची गोळी, आणि आघाडी तीन गुणांहून जास्त. या वेळी लक्ष्य बरोबर, पण बोट ट्रिगरला अवेळी लागलं. ४.४! सुवर्णावरून चौथा. हे कुणी सिनेमात दाखवलं असतं तर मी 'अतिच झालं' म्हणून उठून गेलो असतो. आणि अथेन्सच्या त्या शून्यानंतर त्याची समजूत घालायला आली होती चेक नेमबाज कातेरिना कुरकोवा. पुढे दोघांचं लग्न झालं, आणि बीजिंग ऑलिंपिकमधलं सगळ्यात पहिलं सुवर्ण कुणी जिंकलं? कातेरिना एमन्सनं, दहा मीटर एअर रायफलमध्ये! २०१२ ला लंडनमध्ये मॅथ्यूला अखेर थ्री पोझिशनचं कांस्य मिळालं. मी ती चित्रफीत बघताना खुर्चीत नीट बसूही शकलो नाही.

आता याच्या शेजारी आपला अभिनव बिंद्रा ठेवून बघा. बीजिंग २००८, दहा मीटर एअर रायफल. 'भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण' हे वाक्य मी किती वर्षं ऐकत होतो आणि त्यातली गोळी मला ठाऊक नव्हती! शेवटची गोळी उरली तेव्हा बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. हॅकिनेन ९.७. बिंद्रा १०.८. एका गोळीत सगळा फैसला, हॅकिनेन घसरून कांस्यावर आणि चीनचा झू छिनान रौप्यावर. एमन्सची शेवटची गोळी आणि बिंद्राची शेवटची गोळी लागोपाठ बघा. काही दिवसांच्या फरकानं, एकाच शहरात घडलेल्या. माझं म्हणणं तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि पॅरिसमध्येच मनू भाकर! टोकियोला ऐन सामन्यात तिचं पिस्तूल बिघडलं होतं. पॅरिसला तिनं दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्य घेतलं, २२१.७ गुण. तिच्या वरच्या, कोरियाच्या किम येजीचे त्या क्षणी २२१.८. एक दशांश! एअर पिस्तूलच्या लक्ष्यावरही तो ०.८ मिलिमीटरचाच असतो. तेवढं सरकलं असतं तर दोघींची बरोबरी झाली असती. पण मनू भाकर काय मुळूमुळू रडणारी आहे? दोन दिवसांनी सरबज्योत सिंगला जोडीला घेऊन तिनं मिश्र गटाचं कांस्य कोरियाकडूनच १६-१० असं हिसकावलं. स्वतंत्र भारतात एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं घेणारी ती पहिली. आणि ती किम येजी, जिच्या थंडगार नजरेवर सगळं जग फिदा झालं, ती पुढे २५ मीटर पिस्तूलच्या जलद फेरीत तीन सेकंदांची मुदत केसभरानं चुकली, त्या गोळीला शून्य मिळालं आणि फायनलबाहेर राहिली. वेळसुद्धा दशांशातच मोजतात हो इथे!

कपड्यांबद्दल तर मी तासभर बोलू शकतो. रायफलवाल्यांचं ते जाडजूड, ताठ जाकीट आणि विजार, सपाट तळाचे बूट, एका डोळ्यावर पट्टी. आधी मला हे वेष पाहून हसू यायचं. आता कळलं की ते जाकीट पाठीच्या कण्याला आधार देतं आणि हृदयाचा ठोका रायफलीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून तर त्याच्या जाडीवर नियम आहे, एका थरात २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, आणि सामन्याआधी मोजतात! पिस्तूलवाल्यांचं उलट. त्यांना असलं जाकीट नाही, एका हातानंच नेम धरायचा आणि रिकामा हात झुलू नये म्हणून खिशात. तुर्कस्तानचा एक्कावन्न वर्षांचा युसुफ दिकेच आठवतोय ना? टीशर्ट, साधा चष्मा, एक हात खिशात, मिश्र एअर पिस्तूलचं रौप्य! लोकांनी त्याला गुप्तहेर करून टाकला. मला विचाराल तर तो २००८ पासून ऑलिंपिक खेळत आलेला मुरलेला गडी आहे आणि खिशातला हात ही स्टाइल नाही, स्थैर्याची सोय आहे. त्याच्या जोडीदारणीचा, शेव्वाल इलायदा तार्हानचाही हात खिशातच होता, तो कुणाला दिसला नाही!

इतकं बघितल्यावर गप्प कसा बसणार? शहरातल्या एका छोट्या रेंजवर गेलो. दहा मीटरची एअर रायफल, छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि त्या लक्ष्यावरचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. प्रशिक्षक मॅडमनी आधी नियम सांगितले. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला, सांगितल्याशिवाय रायफलीला हात नाही. मग ती खांद्याला लावली. देवा रे! टीव्हीवर दगडासारखी स्थिर दिसणारी ती नळी माझ्या हातात गरागरा फिरत होती. श्वास घेतला की वर, सोडला की खाली, आणि श्वास रोखला तर छातीचा ठोका दिसतो. खरंच दिसतो! समोरच्या गोलात काळा ठिपका ठोक्यागणिक उडी मारतो.

शेजारच्या लेनवर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी सराव करत होती. माझी अवस्था बघून म्हणाली, "काका, हलतंय ना? हलणारच. सगळ्यांचं हलतं."

"मग तू काय करतेस?"

"थांबवायला जात नाही. गोल आपोआप लहान होतो. झाला की मारायची. नाही झाला तर खाली."

आणि तिनं तेच केलं. रायफल लावली, गाल टेकवला, आठ-दहा सेकंद गेले, मला वाटलं आता मारणार, आणि तिनं शांतपणे रायफल खाली घेतली. मारलीच नाही! पुन्हा श्वास, पुन्हा सुरुवात. मॅडम म्हणाल्या, "ही गोष्ट शिकवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. मारायला कुणीही शिकतं."

घरी आलो, स्वप्नीलची फायनल पुन्हा लावली आणि मला वेगळाच सामना दिसला. न मारलेल्या गोळ्यांचा! घड्याळात ५० सेकंद सुरू झालेत, देशभर लोकांचे श्वास अडकलेत, आणि एखादा नेमबाज नेम धरून, मन बदलून, रायफल खाली घेतो. ३० सेकंद उरलेत. पुन्हा उचलतो. हे धाडस बघा! चुकीची गोळी मारण्यापेक्षा वेळ जाळणं पत्करायचं, तेही ऑलिंपिकच्या फायनलमध्ये. आता मी फायनल बघताना गोळीच्या आवाजापेक्षा खाली येणाऱ्या नळीला जास्त दचकतो.

स्वप्नीलचाही इतिहास मग शोधून काढला. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला आणि त्यावर भारताला ऑलिंपिकचा कोटा मिळाला. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ऐश्वर्य तोमर आणि अखिल शेरॉन यांच्याबरोबर सांघिक सुवर्ण, १७६९ गुणांचा विश्वविक्रम, आणि वैयक्तिक फायनलमध्ये पुढे असताना उभ्यानं मारलेली एक गोळी ७.६ ला गेली. पुन्हा चौथा! आता पॅरिसच्या ४३ व्या गोळीकडे परत जा. चौथं कोण ठरणार तो क्षण, दोनदा चौथा आलेला माणूस, आणि तो फलकाकडे बघत नाहीये! हे माहीत असतं तर त्या दुपारी माझं काय झालं असतं कुणास ठाऊक.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. हा खेळ माझ्या अंगणात होता आणि मला पत्ता नव्हता! स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, मुंबईच्या, स्वतः अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या, तेही महिलांच्या थ्री पोझिशनमध्ये. अंजली भागवत २००० साली सिडनीत ऑलिंपिकच्या फायनलला, सुमा शिरूर २००४ ला अथेन्सच्या फायनलला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद घेतलं, ६०० पैकी ५९७ गुणांनी! कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेऊन आली, असं करणारी पहिली भारतीय महिला नेमबाज. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये एअर रायफलचा जगज्जेता. कोल्हापूर म्हटलं की आपण कुस्ती, तांबडा-पांढरा आणि गूळ यांवर थांबतो. राधानगरीच्या खेड्यातल्या शिक्षकाचा मुलगा सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत जातो, तिथे रायफल धरतो आणि ऑलिंपिकच्या पदकापर्यंत पोचतो, तर त्याच्या मागे या बायकांनी घातलेला केवढा मोठा रस्ता होता! कुणी सांगितलं का नाही मला?

म्हणून मी सांगत सुटलोय. पॅरिसची नेमबाजी खुद्द पॅरिसमध्ये नव्हतीच, तिथून दक्षिणेला पावणेतीनशे किलोमीटरवर शातोरूला होती. राष्ट्रकुल स्पर्धेनं तर २०२२ ला आणि २०२६ ला हा खेळच वगळला. म्हणजे हा खेळ समोर येऊन दार वाजवणार नाही, आपणच उठून जायला हवं. आशियाई स्पर्धा आयची-नागोयाला, २०२८ चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला, आणि मध्ये दरवर्षी विश्वचषक. जुने सामने तर फुकट पडलेत, हात लांबवायचा अवकाश.

आणि बघायचं कसं तेही सांगतो. पहिल्यांदा एकच नेमबाज धरा, आठांवर नजर पळवू नका. त्याच्या गोळ्यांचे दशांश लिहून काढा, कागदावर, पेन्सिलीनं. उभ्यानं खेळायला सुरुवात झाली की पायांकडे बघा, हाताकडे नंतर. नळी खाली आली की घड्याळाकडे बघा. फलक तर बघाच बघा, मनसोक्त बघा, कारण त्याला तो बघायची चोरी आहे आणि आपल्याला नाही! चाळिसावी गोळी होईपर्यंत स्वयंपाकघरातली कामं उरकून घ्या, कुकर लावू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि शेवटच्या गोळ्या चालू असताना कुणी मध्येच येऊन विचारलं, "हे काय बघताय, काहीच तर घडत नाहीये," तर वाद घालू नका. त्याला हाताला धरून शेजारी बसवा. चार गोळ्यांनंतर तोच तुम्हाला गप्प बसवेल!